गाडीवर ‘हायब्रिड’ लिहिलंय, पण चालते कशावर? शहापूर-मुरबाडच्या घरगुती गाडीचा हिशोब

शहापूर/मुरबाड : २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि त्यानंतरच्या दसरा-दिवाळीत आपल्या दोन्ही तालुक्यांत घरटी एकच विषय सुरू झाला, गाडी घ्यायची का, आणि घ्यायची तर कुठली. पूर्वी हा प्रश्न पेट्रोल की डिझेल एवढाच असायचा. मग सीएनजी आला, मग बॅटरीची गाडी आली. आता त्यात ‘हायब्रिड’ची भर पडली आहे. आसनगाव स्टेशनबाहेर, मुरबाडच्या बाजारात, किन्हवलीच्या नाक्यावर हा शब्द कानावर पडतो. पण त्याचा अर्थ विचारला तर दहा जणांकडून दहा उत्तरं मिळतात.

आपल्याकडे हायब्रिड म्हटलं की आधी बियाणं आठवतं. कर्जतच्या भात संशोधन केंद्राचं ‘सह्याद्री’ संकरित भात अनेकांनी लावलेलं आहे. उत्पन्न जास्त, पण बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं, घरचं ठेवून चालत नाही. हायब्रिड गाडीचंही थोडं तसंच आहे. फायदा खरा आहे, फक्त तो कोणाला मिळतो आणि त्यासाठी काय मोजावं लागतं हे आधी बघावं लागतं. समृद्धी महामार्ग आणि मुंबई-वडोदरा मार्गाच्या भूसंपादनाचे पैसे ज्या घरांत आले, त्यातल्या बऱ्याच घरांत त्यातला मोठा वाटा गाडीत गेला. जमीन एकदाच विकली जाते. त्या पैशातून पंधरा-अठरा लाखांची गाडी घेताना निदान ती कशावर चालते एवढं तरी माहीत हवं.

एकच शब्द, तीन वेगळ्या गाड्या

मागच्या दारावर हायब्रिडचा बिल्ला असला की गाडी बॅटरीवर चालते, असा सर्रास समज आहे. तो चुकीचा आहे, आणि विकणाऱ्यांना तो दुरुस्त करायची फार घाई नसते.

महिंद्राने स्कॉर्पिओ आणि बोलेरोवर पूर्वी ‘मायक्रो हायब्रिड’ असं नाव वापरलं. त्याचा अर्थ इतकाच की सिग्नलला किंवा फाटकावर गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद होतं आणि क्लच दाबला की परत सुरू होतं. मारुतीने सप्टेंबर २०१५ मध्ये सियाझ डिझेलमध्ये आणि पाठोपाठ एर्टिगात ‘एसएचव्हीएस’ आणलं, तेच पुढे ‘स्मार्ट हायब्रिड’ झालं. त्यात डायनॅमोच्या जागी जरा ताकदवान मशीन असते. ती इंजिन सुरू करते, उचल घेताना थोडा हात देते आणि ब्रेक मारताना छोट्या बॅटरीत थोडा करंट भरते. पण ही गाडी एक फूटसुद्धा नुसत्या मोटरवर चालत नाही. याला ‘माइल्ड’ म्हणजे सौम्य हायब्रिड म्हणतात. आपल्याकडे वऱ्हाडापासून स्टेशनच्या फेऱ्यांपर्यंत सगळीकडे एर्टिगा दिसते, त्यामुळे ‘माझ्याकडे हायब्रिड आहे’ म्हणणाऱ्यांतले पुष्कळ जण प्रत्यक्षात पेट्रोल गाडीच चालवत असतात. गाडी वाईट आहे असं नाही. नाव मोठं आहे.

खरी, म्हणजे ‘स्ट्राँग’ हायब्रिड वेगळी. तिच्यात पेट्रोल इंजिन असतं, गाडी एकटीने ओढू शकेल अशी मोटर असते आणि दोघांत काम वाटून देणारी व्यवस्था असते. मारुती ग्रँड विटारा आणि टोयोटा हायरायडर या दोन्ही गाड्या २०२२ च्या सप्टेंबरमध्ये आल्या, दोन्ही कर्नाटकातल्या बिडदी इथल्या टोयोटाच्या कारखान्यात बनतात, आणि त्यांच्या स्ट्राँग हायब्रिडचं यंत्र एकच आहे. कंपनीचा दावा लिटरला २७.९७ किलोमीटरचा. त्याच वर्षी मे महिन्यात होंडा सिटीची हायब्रिड आली, दावा २६.५ चा. मोठ्या कुटुंबासाठी इनोव्हा हायक्रॉस, दावा २३.२४ चा, तीच गाडी मारुती २०२३ पासून इन्व्हिक्टो नावाने विकते. सप्टेंबर २०२५ मध्ये मारुतीची व्हिक्टोरिस आली, तिच्यातही स्ट्राँग हायब्रिड मिळते. या गाड्यांना चार्जरला लावायचं नसतं. पेट्रोल टाकायचं आणि चालवायचं. त्यामुळेच त्यांना हिरवी नंबर प्लेट मिळत नाही, नेहमीची पांढरीच असते.

आणखी एक खूण सांगून ठेवतो. एकाच नावाच्या गाडीत दोन्ही प्रकार असू शकतात. ग्रँड विटारा सौम्य हायब्रिडमध्येही येते आणि स्ट्राँगमध्येही. शेजाऱ्याची ‘ग्रँड विटारा हायब्रिड’ बारा-तेरा लाखांत आली आणि तुम्हाला अठरा-एकोणीस सांगतात, तर कोणी फसवत असेलच असं नाही. गाड्याच वेगळ्या आहेत.

यंत्र काय करतं, आणि आपल्या रस्त्यावर काय करतं

साधं पेट्रोल इंजिन सर्वात जास्त वाया घालवतं ते कमी वेगात, गर्दीत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. गाडी उभी असते तरी पेट्रोल जळतं. वेग घेतला की पेट्रोल खर्च होतं आणि लगेच ब्रेक मारला की ती सगळी शक्ती ब्रेक पॅडची उष्णता होऊन निघून जाते. स्ट्राँग हायब्रिड नेमकं हेच नुकसान भरून काढते. हळू वेगात मोटर गाडी ओढते, इंजिन बंद. ब्रेक मारला की तीच मोटर जनरेटर होते आणि बॅटरी भरते. इंजिन चालू होतं ते त्याला सोयीच्या वेगातच.

आता आपले रस्ते बघा. शहापूरहून ठाण्याला रोज जाणारा माणूस वासिंद, पडघा, वडपे, माजिवडा या पट्ट्यात किती वेळ उभा असतो हे त्याला विचारून बघा. वडपे ते माजिवडा रुंदीकरणाचं काम वर्षानुवर्षं चाललंय. मुरबाडकरांना कल्याण गाठायला शहाडच्या पुलावरून जावं लागतं, आणि मुरबाडला रेल्वे नसल्याने दुसरा उपाय नाही. कल्याण-मुरबाड रेल्वेबद्दल इतक्या वेळा लिहून झालंय की इथे पुन्हा नको. मुद्दा असा की हायब्रिडला जी कोंडी मानवते ती आपल्याकडे मुबलक आहे. अशा रस्त्यावर साधी पेट्रोल एसयूव्ही लिटरला तेरा-चौदावर येते, तर चांगली चालवलेली स्ट्राँग हायब्रिड वीस-बावीस देऊ शकते. कंपनीचा २८ चा आकडा प्रयोगशाळेतला आहे. तो धरून हिशोब करू नये.

उलट ज्याचं जाणं-येणं खुटघरवरून समृद्धीला लागून थेट नाशिक किंवा शिर्डी असं आहे, त्याला हायब्रिडचा फायदा कमी. सलग शंभर-एकशेवीसच्या वेगात बहुतेक वेळ इंजिनच काम करतं. ब्रेक मारायची वेळ येत नाही, म्हणजे परत मिळवायला काही उरत नाही.

घाटाबद्दल एक गैरसमज आहे. कसारा किंवा माळशेज उतरताना बॅटरी फुकट भरते आणि मग गाडी बराच वेळ बॅटरीवर पळते, असं सांगितलं जातं. पहिला भाग खरा, दुसरा नाही. हायरायडर-ग्रँड विटाराची बॅटरी जेमतेम पाऊण युनिटची आहे, ०.७६ किलोवॅट-तास. बॅटरीवरच्या गाडीत तीस-चाळीस युनिट असतात, त्याच्या मानाने हे चिमूटभर. घाट अर्धा उतरायच्या आतच ती भरून जाते. त्यानंतर ब्रेकवर येणारी शक्ती ठेवायला जागा नसते आणि गाडी इंजिनला फिरवून वेग आवरते, त्यामुळे उतारावर इंजिनचा आवाज अचानक वाढतो. नवा चालक घाबरतो. त्यात बिघाड काही नाही, गाडीची रचनाच तशी आहे. टोयोटाच्या बऱ्याच हायब्रिडमध्ये गिअरच्या जागी ‘बी’ असतं, ते लांब उतारासाठीच.

किर्लोस्करांचा नांगर आणि होंडाची सिव्हिक

हायब्रिड ही काही कालची गोष्ट नाही. टोयोटाने प्रियस जपानमध्ये विकायला काढली ती डिसेंबर १९९७ मध्ये. त्याच वर्षी टोयोटा किर्लोस्कर मोटर ही कंपनी भारतात उभी राहिली. त्यातलं किर्लोस्कर हे नाव आपलंच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर बनवला. तेव्हा शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते, लोखंडाने जमीन विषारी होते म्हणायचे. त्यांचे पणतू विक्रम किर्लोस्कर टोयोटा किर्लोस्करचे उपाध्यक्ष होते. इनोव्हा हायक्रॉस लोकांसमोर आली २५ नोव्हेंबर २०२२ ला, आणि चारच दिवसांनी, २९ नोव्हेंबरला त्यांचं निधन झालं. शंभर-सव्वाशे वर्षांत एकाच घराण्याने नांगर आणि हायब्रिड दोन्ही आणलं, आणि दोन्ही वेळा लोकांना भीती नव्या वस्तूचीच वाटली. फरक एवढाच की नांगराबद्दलची भीती खोटी होती, गाडीबद्दलच्या शंका सगळ्याच खोट्या नाहीत.

भारतात हायब्रिडची पहिली मोठी परीक्षा २००८ मध्ये झाली. होंडाने सिव्हिक हायब्रिड बाहेरून आणून साडेएकवीस लाखांच्या आसपास विकायला ठेवली. कोणी घेईना. काही महिन्यांत किंमत सुमारे आठ लाखांनी कमी केली, तेव्हा उरलेल्या गाड्या बघता बघता संपल्या. म्हणजे ग्राहकाला तंत्राचं वावडं नव्हतं, किमतीचं होतं. २०१० मध्ये प्रियस आली, तीही आयातीच्या किमतीमुळे बड्यांपुरतीच राहिली.

त्याच २०१० मध्ये पुण्यात एक वेगळा प्रयत्न झाला, जो आपल्यासारख्यांना जास्त उपयोगी पडला असता. केपीआयटी आणि भारत फोर्ज यांनी मिळून ‘रेव्होलो’ नावाचं किट जाहीर केलं. चालू असलेल्या जुन्या गाडीलाच मोटर आणि बॅटरी जोडून तिचं हायब्रिड करायचं. नवी गाडी घ्यायची गरज नाही, किटची किंमत लाखाच्या आसपास ठेवायचा विचार. पुढे अशा बदलाला परवानगी, प्रमाणपत्र, नियम या फेऱ्यात ते अडकलं आणि बाजारात पोचलं नाही. आज आपल्याकडच्या प्रत्येक गॅरेजात जुन्या वॅगन-आरला सीएनजी किट बसवलेलं दिसतं. तसंच हायब्रिड किट बसवलेलं दिसलं असतं तर हा लेख वेगळा झाला असता.

कर कुठे बसतो

आता सरकारकडे येऊ. २०१५ च्या ‘फेम’ योजनेत सौम्य हायब्रिडलाही अनुदान होतं, एप्रिल २०१७ पासून ते बंद झालं. जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मोठ्या हायब्रिडवर २८ टक्के अधिक १५ टक्के सेस, असा ४३ टक्के कर बसला. बॅटरीच्या गाडीवर आधी १२ आणि ऑगस्ट २०१९ पासून ५. सप्टेंबर २०२५ च्या बदलात चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्या १८ टक्क्यांवर आल्या, त्याहून मोठ्या सगळ्या ४० वर. हायब्रिडलाही हाच नियम. बॅटरीची गाडी पाचवरच राहिली.

याचा अर्थ नीट बघा. ग्रँड विटाराच्या आकाराच्या साध्या पेट्रोल गाडीवर आधी ४५ टक्के होते, हायब्रिडवर ४३. दोन टक्क्यांची का होईना, सवलत होती. आता दोघांवर ४०. कमी पेट्रोल पिणारी आणि जास्त पिणारी, दोघींना एकच माप. शिवाय हे लिहिताना तरी चार मीटरच्या आतली स्ट्राँग हायब्रिड आपल्या बाजारात नाही, म्हणजे १८ टक्क्यांचा लाभ हायब्रिडवाल्याला मिळायचा प्रश्नच नाही. स्विफ्ट-बलेनो स्वस्त झाली आणि हायब्रिडचं अंतर वाढलं.

नितीन गडकरी यांनी हायब्रिडवरचा जीएसटी ५ टक्के करावा असा प्रस्ताव अर्थ मंत्रालयाकडे दिल्याचं २०२४ मध्ये सांगितलं होतं. तसं झालं नाही. उत्तर प्रदेशने मात्र जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर पूर्ण माफ केला. त्यावर बॅटरीच्या गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांनी हरकत घेतली, कारण सरकारी सवलत शुद्ध बॅटरीच्याच गाडीला मिळावी असं त्यांचं म्हणणं. महाराष्ट्रात हा वाद जरा घरातलाच आहे. टाटाच्या बॅटरीवरच्या गाड्या रांजणगावात बनतात, महिंद्राच्या चाकणला. दुसरीकडे टोयोटाने ३१ जुलै २०२४ ला राज्य सरकारशी करार केला, छत्रपती संभाजीनगरजवळ बिडकीनला सुमारे २० हजार कोटींचा कारखाना, वर्षाला ४ लाख इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्या. म्हणजे कारखाना हवा म्हणून हायब्रिडचं स्वागत, आणि ग्राहकाच्या सवलतीत मात्र तिला जागा नाही. राज्याच्या २०२५ च्या ई-वाहन धोरणाचा सगळा भर बॅटरीवर आहे. पुणे द्रुतगती, समृद्धी आणि अटल सेतूवर बॅटरीच्या मोटारींना टोलमाफी त्या धोरणात आहे. अटल सेतूवर ती ऑगस्ट २०२५ मध्ये लागूही झाली. हायब्रिडला टोल पूर्ण.

पेट्रोल गाडीचा राज्याचा वाहन कर किमतीनुसार ११, १२ आणि १३ टक्के. गाडी महाग असली की टक्काही चढतो. हायब्रिडमुळे गाडी दहा-वीस लाखांच्या पट्टीत जाते, मग जास्तीच्या किमतीवर जीएसटी, त्यावर वाहन कर, त्यावर विमा. पेट्रोल वाचवण्यासाठी जी यंत्रणा घेतली, तिच्यावरच तीनदा भरायचं.

आपला हिशोब

खाली जे आकडे देतो ते धरलेले आहेत. ज्याने त्याने आपले घालून बघावेत.

पेट्रोल लिटरला १०४ रुपये. मध्यम आकाराची पेट्रोल गाडी आपल्या रस्त्यावर १४ देते, म्हणजे किलोमीटरला साधारण साडेसात रुपये. स्ट्राँग हायब्रिड २१ देते, म्हणजे पाच रुपये. किलोमीटरमागे अडीच रुपये वाचले. त्याच पातळीची हायब्रिड रस्त्यावर येईपर्यंत तीन लाखांनी महाग पडते असं धरू. तीन लाख भागिले अडीच, म्हणजे १ लाख २० हजार किलोमीटर चालवल्यावर पैसे फिटले.

डोळखांब किंवा टोकावड्यातलं एक कुटुंब धरा. आठवड्याला बाजार, महिन्यातून एकदा कल्याणला दवाखाना, लग्नसराईत फिरणं, म्हसेची जत्रा. महिन्याला ८०० किलोमीटर. पैसे फिटायला साडेबारा वर्षं. तोवर गाडीची कागदपत्रं नव्याने करायची वेळ जवळ येते. अशा घराने हायब्रिडच्या नादाला लागू नये, इतकं स्पष्ट म्हणायला हरकत नाही.

दुसरा माणूस शहापूरहून रोज ठाण्याला नोकरीला जातो, लोकलच्या वेळा त्याच्या पाळीला जुळत नाहीत. जाऊन-येऊन ११० किलोमीटर, महिन्याला २५ दिवस, म्हणजे २,७५० किलोमीटर. वर्षाला ३३ हजार. याचे पैसे पावणेचार वर्षांच्या आत फिटतात. वरचे तीन लाख कर्जाने घेतले, ९ टक्के व्याज, सात वर्षं, तर त्याचा हप्ता महिन्याला सुमारे ४,८०० रुपये जास्त बसतो. पेट्रोलमध्ये महिन्याला वाचतात ६,८०० च्या वर. म्हणजे पहिल्या महिन्यापासून खिशात दोन हजार राहतात. डोळखांबच्या घराचे वाचणार २,००० आणि हप्ता तोच ४,८००.

पण याच्यातही एक खोच आहे, आणि ती शोरूममध्ये कोणी काढत नाही. व्याज धरलं तर तीन लाखांचे चार लाख पाच हजार होतात. ते फिटायला १ लाख ६२ हजार किलोमीटर लागतात. हायब्रिड बॅटरीची हमी किती? आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी येईल ते. रोज ठाण्याला जाणाऱ्याची ही हमी आठ वर्षं पुरत नाही, पाच वर्षांतच संपते. म्हणजे व्याजासकट पैसे वसूल होतात आणि हमीही त्याच सुमारास संपते. या बॅटऱ्या हमीनंतर लगेच मरतात असं अजिबात नाही, जगभरात प्रियस टॅक्सी म्हणून त्याच्या कितीतरी पुढे चालल्या आहेत. पण फायदा सुरू होतो तो हमी संपल्यावर, हे माहीत असून घ्यावं.

सीएनजीशी तुलना केली तर हायब्रिडचं आणखी अवघड होतं. किलोला ८२ रुपये आणि २२ किलोमीटर धरले तर किलोमीटरला पावणेचार रुपये, आणि गाडी जेमतेम लाखभराने महाग. साधारण २७ हजार किलोमीटरमध्ये वसूल. म्हणूनच आपल्याकडे पांढऱ्या पाटीची असो की पिवळ्या, गाडी सीएनजीचीच दिसते. तिचे हाल कुठे होतात तेही सगळ्यांना माहीत आहे, पंपावरच्या रांगेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये आरसीएफच्या आवारात गॅसची मुख्य वाहिनी फुटली, आणि मुंबई-ठाण्यात दोन-तीन दिवस पंपांवर गॅस नव्हता. त्या दिवसांत पेट्रोल हायब्रिडवाला निवांत होता. शिवाय सीएनजीची टाकी डिकी खाते. तांदळाचं एक पोतं, चार जणांच्या बॅगा आणि गावाकडून निघताना आजीने दिलेलं सामान ठेवायला जागा राहत नाही. (हायब्रिडची डिकीही बॅटरीमुळे लहान होते, पण इतकी नाही.)

बॅटरीची गाडी घरी चार्ज केली, युनिट १२ रुपये धरलं, तर किलोमीटरला दोन रुपयांच्या आत काम होतं. आकड्यांत तिला तोड नाही. प्रश्न वीज कधी असते याचा आहे. पावसाळ्यात पहिल्या वादळाला खांब पडला की काही गावांत एक-दोन रात्री अंधार नवा नाही, आणि व्होल्टेज कमी असलं की पंप चालत नाही तिथे गाडी काय चार्ज होणार. तानसा, भातसा, मोडकसागर आपल्या तालुक्यात आणि उन्हाळ्यात टँकरही आपल्याच पाड्यांवर. महामार्गालगत चार्जर झाले म्हणून आतल्या गावाला वीज नीट मिळेल असं मानायला कोणी तयार नसेल तर त्याला दोष देता येत नाही. २०१६ च्या डिसेंबरमध्ये धसईला राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर केलं, तेव्हा यंत्रं आली आणि नेटवर्कची बोंब राहिली. त्या अनुभवाने माणूस शहाणा झालाय. वीज आणि चार्जर यांवर अवलंबून नसलेली कमी पेट्रोलची गाडी म्हणून हायब्रिडची इथे खरी जागा आहे. दारात नीट वीज असलेला, रोज ऐंशी-शंभर किलोमीटर फिरणारा माणूस मात्र सरळ बॅटरीची गाडी बघू शकतो.

गॅरेज, पाऊस आणि उंदीर

गाडी बंद पडली तर? इथे खरी अडचण आहे. हायरायडर-ग्रँड विटाराच्या बॅटरीचा दाब १७७ व्होल्टच्या वर आहे, आणि नारंगी रंगाच्या जाड वायरींतून तो फिरतो. नाक्यावरच्या मिस्त्रीने त्याला हात लावायचा नाही. इंजिन ऑइल, ब्रेक, टायर ही कामं तो करील, उत्तम करील, पण त्यापुढे गाडी टोचन करून कल्याण-ठाण्याला न्यावी लागते. शहापूर आणि मुरबाडला आयटीआय आहेत. तिथल्या मुलांना हाय व्होल्टेज गाडीचं काम हातात मिळालं तर नाक्यावरच्या गॅरेजांचं पुढचं वीस वर्षांचं पोट राहील. नाहीतर प्रत्येक नवी हायब्रिड आणि बॅटरीची गाडी म्हणजे गावातल्या मिस्त्रीचं एक गिऱ्हाईक कमी.

बऱ्याच हायब्रिड गाड्यांत मागच्या सीटजवळ एक जाळी असते, ती बॅटरीला थंड हवा देते. तिच्यावर पोतं, चादर, शाळेचं दप्तर टाकलं की बॅटरी तापते आणि गाडी ताकद कमी करते. भात झोडणीच्या दिवसांत कोंडा आणि धूळ त्यात बसते. सर्व्हिसिंगला ती जाळी साफ करून घ्यायला सांगावं लागतं, नाही सांगितलं तर कोणी उघडत नाही.

गोठ्याशेजारी उभ्या गाडीत उंदीर शिरतो, वायर कुरतडतो. साध्या गाडीत त्याचा खर्च शेकड्यांत असतो, इथे पूर्ण हार्नेस बदलायची वेळ आली तर लाखाकडे जाऊ शकतो. विमा घेताना हे कलम विचारून घ्यावं.

पावसाचं तर सांगायलाच नको. ओढ्याचं पाणी फरशी पुलावरून वाहत असताना हायब्रिड घालू नये हे खरं, पण पेट्रोल गाडीही घालू नये. करंट लागेल ही भीती मात्र बाजूला ठेवावी, गडबड कळताच यंत्रणा बॅटरी स्वतःहून तोडते. गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर चालू करून बघायची नाही, एवढं पाळावं.

आणि ज्यांची गाडी गावच्या घरासमोर ताडपत्रीखाली महिनाभर उभी असते, त्यांच्यासाठी एक. हायब्रिडमध्येही नेहमीची १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागेवरून हलत नाही. आठ-दहा दिवसांतून एकदा अर्धा तास गाडी ‘रेडी’वर ठेवायला घरी कोणाला तरी सांगून जावं.

जुन्या बाजाराचा अंदाज अजून कोणालाच नीट नाही. २०२२ च्या गाड्यांची बॅटरी हमी २०३० ला संपेल, तेव्हा त्यांना काय भाव येतो त्यावर पुढचं ठरेल. तोवर वापरलेली हायब्रिड घेणाऱ्याने कंपनीच्या सेंटरमधून बॅटरीची तपासणी लेखी घ्यावी, नुसत्या किलोमीटरच्या काट्यावर जाऊ नये. नवी घेणाऱ्याने बुकिंगची पावती फाडण्याआधी विक्रेत्याला एकच विचारावं : इंजिन बंद ठेवून ही गाडी इथून गेटपर्यंत चालवून दाखवा. स्ट्राँग असेल तर ती आवाज न करता जाईल. नाही गेली, तर किंमत पेट्रोल गाडीचीच द्यायची.